रंगपंचमीचा दुसरा दिवस आणि गुलाबी सेन्सर

बाकी दुकानदारांचं वर्ष दिवाळीला सुरू होतं, माझं रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. जेल रोडच्या मागच्या गल्लीत कॅमेरा रिपेअरिंगचं दुकान आहे माझं, दुकान कसलं, एक टेबल, एक लँप, एक पोरगा आणि मी. वर्षभर लग्नवाल्यांच्या कॅमेऱ्यांवर पोट चालतं पण हा एक दिवस असा की शटर अर्धं वर जात नाही तोच बाहेर चार जण हातात पिशव्या घेऊन उभे, आणि चौघांचं म्हणणं एकच, "भिया, थोडा कलर चला गया अंदर."

ज्यांनी इंदूरची गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उडवत निघणारी मिरवणूक, पाहिली नाही त्यांना हे "थोडा" म्हणजे काय ते कळणार नाही. टोरी कॉर्नर आणि अजून दोन-चार ठिकाणांहून गेरी निघतात, राजवाड्यापाशी येतात, टँकरमधून रंगाचं पाणी आणि मशीनमधून गुलाल, तोही असा की तीन-चार मजल्यांच्या वर जाऊन मग निवांत खाली बसतो. खुद्द राजवाड्याला त्या दिवशी ताडपत्री घालतात. म्हणजे दगड-लाकडाच्या वाड्याला ताडपत्री आणि पन्नास-साठ हजारांचा कॅमेरा गळ्यात उघडा. आपल्या लोकांचं गणित काही वेगळंच असतं.

पेपरवाले फोटोग्राफर बघा, ते बरोबर करतात. एकजण दरवर्षी दोन बॉडी, म्हणजे दोन कॅमेरे, घेऊन जातो, एकीला जवळची वाइड लेन्स एकीला लांबची टेली, दोन्हींवर अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी, ती इलॅस्टिकवाली, पुढं लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँड, आणि घरी येईपर्यंत लेन्स काढायची नाही म्हणजे नाही. वीस-तीस रुपयांची टोपी. त्याचा कॅमेरा माझ्याकडे फक्त बाहेरून पुसायला येतो, त्यातही तो चहा स्वतःच्या पैशानं पाजतो.

तर त्या दिवशी सकाळपासून हेच चाललं होतं. एकाच्या झूमची रिंग फिरवली की किर्र किर्र आवाज, कारण बाहेर येणारी झूम म्हणजे पिचकारीच असते, लांब केली की हवा आत ओढते आणि हवेबरोबर रंगही. दुसऱ्यानं भिजलेला कॅमेरा रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवलेला, आता रंग तो रंग वर तांदळाची पावडरही. त्याला म्हणलं, बाबा, बॅटरी काढली होतीस का आधी? तर नाही, ती आतच. काय बोलणार.

साधारण एक वाजता एक पोरगी आली. कॉलेजातली असेल, कानामागे अजून हिरवा रंग, हातात ओढणीत गुंडाळलेलं गाठोडं. मराठीतच म्हणाली, "काका, थोडं साफ करून द्याल का? आजच हवंय." ओढणी सोडली आणि मी कॅमेऱ्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं, कारण कॅमेरा माझ्या ओळखीचा होता. निकॉन डी७२००, ग्रिपचं रबर सुटलेलं, ते गेल्या पावसाळ्यात मीच चिकटवलेलं आणि खालच्या कोपऱ्यात जरा तिरकं बसलेलं, ते मला अजून खुपतं.

"मामा कुठे आहेत तुझे?"

बस, पोरगी रडायलाच लागली.

मामा म्हणजे लोकमान्य नगरातले, बँकेतून रिटायर झालेले, दर रविवारी सकाळी सिरपूर तलावावर पक्षी टिपायला जाणारे. माझं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात किचकट गिऱ्हाईक. भोपाळला मुलाकडे गेले होते आणि भाचीनं कपाटातनं कॅमेरा उचलला होता. प्लॅस्टिकची पिशवी वगैरे बांधलेली, तेवढी अक्कल होती, पण गोपाल मंदिराच्या बाजूला उभं राहिल्यावर लांबची लेन्स काढून जवळची लावायची इच्छा झाली आणि एका दुकानाच्या ओट्यावर बसून बाईसाहेबांनी गेरीच्या ऐन मध्यात लेन्स बदलली. वीस सेकंदं लागली असतील. घरी जाऊन बघितलं तर आत गुलाबी. मग तोंडानं फुंकर मारली, म्हणजे थुंकीचे बारीक थेंब आत, आणि मग ओढणीच्या टोकानं आरसा पुसला.

लेन्स काढून आत बघितलं. आमचा पोरगा मागून वाकून म्हणाला, "भिया, ये तो ठंडाई हो गया." माउंटच्या, म्हणजे लेन्स अडकते त्या कड्याच्या, कडेला, आरशावर, वरच्या फोकसिंग स्क्रीनवर, सगळीकडे. आरशावर दोन ओरखडे. तिला म्हणलं, ओरखड्यांचं टेन्शन घेऊ नको, फोटो आरशातून जात नाही, शटर दाबलं की आरसा वर उचलला जातो, व्ह्यूफाइंडरमध्ये फार तर जरासं दिसेल. पण खरी गोष्ट आरशाच्या मागे, शटरच्या पडद्याच्याही मागे असते, सेन्सर, ज्याच्यावर फोटो उमटतो.

एक टेस्ट शॉट घेतला. ही पद्धत घरीही करता येते, एपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक, एफ २२वर बारीक ठेवायचं, पांढऱ्या भिंतीवर किंवा मोकळ्या आकाशावर धरायचं, फोकस मुद्दाम बिघडवायचा आणि एक फोटो. उघड्या एपर्चरला कचरा दिसत नाही कारण प्रकाश सगळीकडून येऊन कणाची सावली पुसून टाकतो, एपर्चर बारीक केलं की सावली टोकदार होते. दिसलं ते बघून मी पोरीला स्क्रीन दाखवलाच नाही. शीतळामाता बाजारात बांधणीच्या साड्या लटकलेल्या असतात ना, तसं.

आमचे वडील रोलच्या जमान्यातले. त्यांच्या कॅमेऱ्यात कचरा गेला तर एखादी फ्रेम खराब व्हायची, पुढची फ्रेम कोरी यायची. डिजिटलमध्ये तोच सेन्सर जन्मभर, एक कण बसला की पुढच्या हजार फोटोंत तोच कण त्याच जागी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता कामाचं सांगतो. गुलाल हा बहुतेक करून स्टार्च आणि रंग. कोरडा असेपर्यंत तो धूळ आहे, ओला झाला की लापशी. म्हणून आधी सगळं कोरडं. कॅमेऱ्याचं तोंड खाली, रबरी ब्लोअरनं फुसफुस, तेही आधी बाहेरून, मग माउंट, मग आरशाची पेटी, सेन्सर सगळ्यात शेवटी, नाहीतर वरचा कचरा पुन्हा खाली. डब्यातली कॉम्प्रेस्ड हवा नाही, तिच्यातला थंड द्रव काचेवर उडतो. हे मी गिऱ्हाइकांना रोज शिकवतो. रोज.

आणि तीन वाजता मामांचा फोन आला. "भोपाळहून केव्हाच निघालो, पाच-साडेपाचला सरळ तुमच्याकडेच येतो, माझी २००-५०० झाली का?" त्यांची मोठी लेन्स माझ्याकडे होती, पावसाळाभर चामड्याच्या बॅगेत ठेवून मागच्या काचेला बुरशी लावून घेतली होती त्यांनी. बाकीच्यांना पक्ष्यांची नावं लॅटिनमधून सांगतील पण ४०-४५ टक्के दमटपणावर ड्राय बॉक्स ठेवा म्हणलं की म्हणणार, बघू. लेन्स झाली होती. मी म्हणलं हो, या. फोन ठेवला. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

इथे माझी चूक. अजून दहा मिनिटं ब्लोअर चालवायला हवा होता. पण डोक्यात पाच-साडेपाच. मी सरळ स्वॅब, म्हणजे सेन्सर पुसायची कापड लावलेली पट्टी, काढला, १६ एमएमवाला, या सेन्सरची उंची १५.६ एमएम आहे म्हणजे एका फेरीत पुसून होतं, दोन थेंब लिक्विड टाकलं आणि डावीकडून उजवीकडे ओढला. इतक्या वर्षांत किती सेन्सर पुसले असतील. स्वॅब बाहेर आला तो लालभडक, आणि काचेवर कणांच्या जागी एक सलग गुलाबी पट्टा. राहिलेले कण लिक्विडमध्ये विरघळले आणि मी त्यांचा छान हात मारून दिला. लोक समजतात आम्ही सेन्सर पुसतो, पुसतो ती त्याच्यावरची काच, पण ती काच गेली तरी कॅमेरा गेल्यासारखाच, त्या किमतीत लोक दुसरी बॉडी घेतात.

हे काय कमी होतं, तेवढ्यात कॅमेरा बीप बीप करायला लागला आणि लाइट लुकलुकायला लागला. साफ करताना आरसा वर लॉक करावा लागतो आणि त्याला बॅटरी भरलेली हवी, नाहीतर मेनूत तो ऑप्शनच येत नाही. पोरीची बॅटरी गेरीतच संपलेली, चार्जर मामांच्या कुलूपबंद कपाटात, म्हणून मी माझ्या जुन्या डी७०००ची घातली, तीच ईएन-ईएल१५. फुल दाखवत होती. पण बॅटरीचं वय मेनूत ० ते ४ असं दाखवतं, ४ म्हणजे म्हातारी, आणि माझी ४ची होती, हे मला माहीत होतं आणि मी बघितलं नाही. बीप वाजली म्हणजे साधारण दोन मिनिटांत आरसा खाली येणार, आणि माझा दुसरा स्वॅब त्या क्षणी आत. हात कापला नाही असं म्हणणार नाही. स्वॅब बाहेर काढला, कॅमेरा बंद केला, उठलो, बाहेर जाऊन पाणी प्यायलो. समोरचा रस्ता बघा, आदल्या दिवशी तिथे घोटाभर रंग होता, महापालिकेच्या गाड्यांनी काही तासांत धुऊन काढलेला, चकाचक. आख्खं शहर धुऊन झालं आणि मला बोटाच्या नखाएवढी काच धुता येईना.

पोरगा बाजारातून तसलीच नवी बॅटरी घेऊन आला. यावेळी आधी काच पूर्ण सुकू दिली, मग ब्लोअर, मग आरशाच्या पेटीच्या कडेकडेनं कोरडा ब्रश, कारण तिथला रंग पुन्हा पुन्हा उडून येत होता, मग पुन्हा ब्लोअर. आणि मग स्वॅब, एकच थेंब, एक फेरी जाताना, उलटवून एक फेरी येताना, आणि कचऱ्याच्या ट्रेमध्ये. पुन्हा वापरायचा नाही, कितीही जीव तुटला तरी. पहिला गुलाबी, दुसरा फिका, तिसरा अजून फिका. पोरगी मोजत होती. मध्ये तिनं विचारलं, फोटोत डाग वर डावीकडे आहे मग तुम्ही खाली का पुसताय? चांगला प्रश्न. लेन्स चित्र उलटं पाडते, आपण समोरून बघतो तेव्हा वरचं खाली दिसतं, डावीकडचं डावीकडेच राहतं. नवव्या स्वॅबला कापड पांढरं आलं. एफ २२वर भिंत पांढरी. तिला दाखवली तेव्हा कुठे तिनं पोरानं आणलेली कचोरी खाल्ली.

पावणेपाचला दारात मामा. अर्धा तास आधी. कॅमेरा टेबलावर, लेन्स बाजूला, गुलाबी ते पांढरे नऊ स्वॅब ट्रेमध्ये ओळीनं, आणि भाची हातात कचोरी घेऊन.

मामा काही बोलले नाहीत. बसले. आपली २००-५०० उचलली, मागची काच टॉर्चसमोर धरून बघितली, "गेली बुरशी," म्हणाले. मग भाचीकडे न बघता मला म्हणाले, "काल रात्री हिचं स्टेटस बघितलं. राजवाडा आणि वर निळं आकाश. आकाशात डावीकडे वर माझा डाग."

मला तीन सेकंद लागली. तो डाग मला पाठ होता. दिवाळीपासून मी त्यांना सांगत होतो सेन्सरवर एक मोठा कण बसलाय, आणून द्या, आणि ते म्हणायचे पक्षी मी एफ ५.६वर काढतो, तिथे दिसत नाही. पोरीनं यूट्यूबवर ऐकलं होतं की उन्हात एफ १६ ठेवायचं, तिनं एफ १६ ठेवलं आणि मामांचा डाग अख्ख्या खानदानाला दाखवला. मामांना स्टेटसमधून वगळायचं राहिलं होतं ते वेगळंच.

"मामा, मी..." ती म्हणाली.

"कार्ड दे."

कार्ड मी लॅपटॉपला लावलं. सव्वातीनशे फोटो. मामा चष्मा वर करून एकेक बघत होते, बहुतेक सगळे नुसते रंगाचे ढग. एकावर थांबले. गच्चीवरनं एक आजीबाई बादलीनं गुलाल खाली ओततायत, पदर खोचलेला, तोंड पूर्ण उघडं, आणि बादलीतून निघालेला रंग अजून हवेत. मामांनी झूम केलं, डिटेल बघितले, आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपायची ताकद, १००, शटर १/१२५ सेकंद.

"हात हललेत त्यांचे. शटर १/५०० तरी ठेवायचं होतंस. आयएसओ वाढवला असतास तर काय मामा मेला असता?"

"नाही."

"लेन्स कुठे बदललीस?"

तिनं सांगितलं. मामांनी डोळे मिटले, ओट्याचं ऐकून, आणि मग पाकीट काढलं. पोरीनं आपले अकराशे रुपये आधीच टेबलावर ठेवले होते, ते त्यांनी तिच्याकडे सरकवले. मी स्वॅबचे आणि नव्या बॅटरीचेच लावले. पहिला स्वॅब माझ्या घाईचा होता, तो बिलातून वगळला आणि का वगळला तेही सांगितलं. मामा म्हणाले, "असं होय," आणि ती गोष्ट त्यांनी सिरपूरच्या सगळ्या पक्षीवाल्यांना सांगितली असणार, कारण नंतर तिथले तिघं येऊन मला विचारून गेले, "कोरडं करून मग ओलं ना, काका?"

परवा मामा पुन्हा कॅमेरा घेऊन आले, आता भाचीही रविवारी बरोबर असते. मोडची डायल जड फिरतेय म्हणाले. डायलच्या फटीत टोकदार ब्रश घातला तर बाहेर आला गुलाबी. मी ब्रश त्यांच्यासमोर धरला. मामांनी भाचीकडे बघितलं, भाचीनं छताकडे.