१५ वरून ९६ वर: माझ्या कपॅसिटरची गोष्ट

थर्ड इयरला समांतर प्लेटांचा कपॅसिटर (दोन धातूच्या प्लेटा आणि मध्ये विद्युतरोधक) स्वतः बनवून त्याची डायइलेक्ट्रिक स्ट्रेंग्थ काढायची होती, म्हणजे मधला विद्युतरोधक दर मिलिमीटरला किती व्होल्टेज सहन करतो ते. सूत्र एका ओळीचं: ब्रेकडाउनचं, म्हणजे ठिणगी पडते तेव्हाचं, व्होल्टेज भागिले दोन प्लेटांमधलं अंतर. अर्ध्या तासाचं काम, असं मी रूममेटला छातीठोक सांगितलं.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून ओएचपी शीट (प्रोजेक्टरवर ठेवायची पारदर्शक शीट) घेतली. "लेझरची देऊ का इंकजेटची?" दुकानदारानं विचारलं. इंकजेटवर लेप असतो म्हणून लेझरची घेतली, साधं पॉलिएस्टर. २० बाय १० सेंटिमीटरच्या दोन अ‍ॅल्युमिनियम प्लेटा कापल्या, मध्ये शीट सरकवली, तपकीर गल्लीतून आणलेला मल्टिमीटर लावला. कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, २.१ नॅनोफॅरड.

आता जाडी मोजायची कशाला, म्हटलं, कपॅसिटन्सवरूनच काढू. पॉलिएस्टरचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (मधल्या पदार्थामुळे कपॅसिटन्स किती पट होतो तो आकडा) ३.३ धरला आणि अंतर आलं ०.२८ मिलिमीटर. कॉलेजच्या हाय व्होल्टेज लॅबमध्ये सरांनी जाळीचं दार लावून हळूहळू व्होल्टेज चढवलं. ४.२ किलोव्होल्टला चट्‌कन ठिणगी. भागाकार केला: मिलिमीटरला १५ किलोव्होल्ट.

"हा तर कागदाचा आकडा झाला रे," सर म्हणाले. बस्स, तेवढंच. पुढचं शोधायचं मीच.

रूमवर येऊन प्लेटा पुन्हा मल्टिमीटरला लावल्या. हातानं दाबल्या की रीडिंग चढायचं, सोडल्या की पडायचं. मध्ये हवा होती! प्लेटा किंचित वाकलेल्या, आणि हवेचा कॉन्स्टंट जेमतेम १, त्यामुळे कपॅसिटन्स कमी आणि हिशेबातलं अंतर फुगलेलं. दुसऱ्या दिवशी स्क्रू गेजनं शीट मोजली, ०.१० मिलिमीटर. म्हणजे उत्तर ४२. तरीही पॉलिएस्टरच्या मानानं कमीच.

मग ती शीट खिडकीपाशी धरून इंच न्‌ इंच तपासली. भोक कुठेच नाही. एका कडेला मात्र काळपट रेघ. ठिणगी शीटमधून गेलीच नव्हती, कडेवरून वळसा घालून गेली होती. शीट प्लेटेपेक्षा फक्त तीन मिलिमीटर मोठी ठेवली होती मी, काटकसर म्हणून! म्हणजे मोजलं काय, तर कडेची हवा.

दुसऱ्या खेपेला चारही बाजूंना पाच सेंटिमीटर शीट सोडली, प्लेटांचे टोकदार कोपरे कानशीनं गोल केले (टोकाशी विद्युतक्षेत्र एकवटतं) आणि प्लेटा काचेवर ठेवून सपाट केल्या. या वेळी ९.६ किलोव्होल्ट, मिलिमीटरला ९६. मीटर एसी व्होल्टेजचं आरएमएस (एक प्रकारची सरासरी) दाखवतो, शिखराचं धरलं तर १३६. जर्नलमध्ये दोन्ही लिहिले, कारण कुठला आकडा दिलाय ते न सांगता तुलना करणाऱ्यांनीच मला आधी गोंधळात टाकलं होतं.

सही करण्याआधी सरांनी शीट मागितली, ट्यूबलाइटसमोर धरली आणि सुईच्या टोकाएवढं भोक सापडेपर्यंत खाली ठेवली नाही.