आजतागायत

पंचावन्नाव्या वर्षी बायोडेटा लिहायला बसलं की पहिला प्रश्न पडतो, वर 'श्री' लिहायचा की नाही. मी लिहिला. मुलीने मागून येऊन तो खोडला.

"बायोडेटा नाही बाबा, रेझ्युमे. आणि हे जन्मापासून काय सुरू केलंयस? उलटं लिहायचं. आत्ताचं आधी, मग त्याच्या आधीचं, असं मागे मागे."

आता जन्मापासून नाही तर कुठून सुरू करायचं? साधुवाण्याची नौका आधी बुडवली आणि नवस मागाहून सांगितला, तर सत्यनारायणाच्या प्रसादाला कोण थांबेल? पण वाद घालायची सोय नव्हती. आमच्या कंपनीने ३१ मार्चला अकाउंट्स खातंच बंद केलं आणि एकोणीस वर्षांनी मी पुन्हा उमेदवार झालो.

मग तिने कात्री चालवली. वडिलांचं नाव गेलं. जन्मतारीख गेली. 'विवाहित' गेलं, छंद गेले (वाचन, संगीत, क्रिकेट, तिन्ही खोटेच होते म्हणा). दहावीचे अडुसष्ट टक्के गेले, ज्यांच्यापायी अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. टायपिंगची चाळीसची परीक्षा पाहून तर ती हसत सुटली. शेवटी, 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' हे वाक्यही काढलं. म्हटलं, अगं, तेवढं एकच राहू दे. तर म्हणे, "आधी सॉफ्टवेअर वाचतं बाबा. त्याला खऱ्या-खोट्याचं काही नसतं, शब्द जुळले की झालं."

उरल्या फक्त तारखा. कुठल्या महिन्यापासून, कुठल्या महिन्यापर्यंत. शेवटच्या नोकरीच्या पुढे तिने परस्पर 'प्रेझेंट' लिहिलं होतं. "असू दे, बरं दिसतं," म्हणाली. मी त्या शब्दाकडे बघत बसलो.

१९८४ साल असावं. लालबागची आमची दहा बाय बाराची खोली. माझं अक्षर चांगलं म्हणून मजल्यावरचे सगळे अर्ज माझ्याकडे यायचे. त्या दिवशी वडील, म्हणजे आमचे तात्या, फुलस्केप कागद आणि एक कार्बन घेऊन आले आणि पेटीवर बसून सांगायला लागले. वरळीच्या एका सोसायटीत वॉचमनची जागा होती.

"नाव लिही. गाव लिही. तिकीट नंबर लिही."

"तात्या, सोसायटीवाल्यांना गिरणीतला तिकीट नंबर कशाला?"

"लिही तू."

दोन हजार एकशे चौदा. लिहिला. मग, १९६६ साली बदली कामगार म्हणून लागलो. १९६९ ला कायम झालो. साचेखातं, म्हणजे कापड विणायचं खातं. चार साचे चालवायचे. हे सांगताना त्यांचा उजवा हात आपोआप हलत होता, तुटलेला धागा चिमटीत धरल्यासारखा. मी कार्बन सरळ करत विचारलं, "कधीपर्यंत लिहू?"

मला उत्तर ठाऊक होतं. गिरणगावातल्या कुठल्याही पोराला ठाऊक होतं. १८ जानेवारी १९८२, सोमवार. अडीच लाख गिरणी कामगार एका दिवशी संपावर गेलेले. त्या दिवसापासून तात्या दिवसाढवळ्या घरी दिसायला लागले, तेव्हा आधी आम्हाला मजाच वाटली होती. पाळीचा माणूस घरी झोपलेला नाही म्हणजे आवाज करायला मोकळीक. मी आपलं लिहायला घेतलं, 'जानेवारी १९८...'

"खोड ते," तात्या म्हणाले. "मी राजीनामा दिलाय? त्यांनी मला काढल्याचं पत्र आलंय? संप चालू आहे. आजतागायत, असं लिही."

मला तो शब्द येत नव्हता. मी 'आजतातागायत' लिहिलं. आई स्टोव्हजवळून हसली. ती तेव्हा खानावळीच्या चपात्या लाटायची आणि तात्या पहाटे दादरहून भाजी आणून चाळीच्या तोंडाशी बसायचे. मी विचारलं, "भाजीचं लिहू?"

"ते काय काम आहे?"

नाही लिहिलं. दोन वर्षं भाजी विकली, चपात्या लाटल्या, आईच्या बांगड्या मोडल्या, यातलं काहीच त्या कागदावर आलं नाही. कागदावर तात्या साचे चालवत होते.

तो संप मागे घेतल्याचं कधी जाहीर झालंच नाही. त्यामुळे म्हटलं तर तात्यांचं वाक्य कायद्यानेही चूक नव्हतं. वॉचमनची नोकरी त्यांना मिळाली. पुढे दोनदा सोसायट्या बदलल्या, दोन्ही वेळा अर्ज मीच लिहिला, आणि दोन्ही वेळा वॉचमनकीच्या ओळीच्या वर ती जुनी ओळ तशीच. १९६६ ते आजतागायत. शेवटचा अर्ज लिहिताना मी कॉलेजात होतो, शुद्धलेखन सुधारलं होतं. तेव्हा मी जरा शहाणपणा करून म्हटलं होतं, लोक हसतील तात्या. ते म्हणाले, "हसू देत. रात्रपाळीला जागं राहायला बरं पडेल."

"बाबा, प्रेझेंट ठेवायचं की काढायचं?" मुलगी दारातून विचारत होती. तिला मीटिंग होती.

"काढ. मार्च लिही."

मी काही तात्या नव्हे. मला तीन महिन्यांच्या पगारासकट छापील पत्र मिळालं होतं, आणि मी त्यावर दोन ठिकाणी सही केली होती.

संध्याकाळी अर्ज भरायला घेतला तर त्यात आणखी एक रकाना निघाला, आधीच्या कंपनीतला एम्प्लॉयी कोड. एकोणीस वर्षं रोज गळ्यात घातलेला. तो काही केल्या आठवेना. दोन हजार एकशे चौदा तेवढा डोक्यात येत राहिला. शेवटी जुनी पगाराची स्लिप शोधली.