माझे झीन संग्रहालयात गेले तेव्हा

संग्रहालयाने पाठवलेल्या नोंदपत्रकात एक रकाना होता : ‘मूळ कलाकृती की प्रत?’ कलाकारांनी काढलेल्या झीन्सचे, म्हणजे स्वतःच लिहून, स्वतःच छापून थोड्या प्रतींत वाटलेल्या अंकांचे, प्रदर्शन भरवायचे ठरले होते आणि आम्ही चौघांनी २००१ ते २००६ या काळात काढलेल्या सात अंकांपैकी पाच अंक त्यांना हवे होते. बाकीचे रकाने मी तासाभरात भरले. या एका रकान्यापाशी मात्र आठवडाभर अडून राहिले. आमच्या झीनची प्रत्येक प्रत झेरॉक्स यंत्रातून निघालेली, हाताने दुमडलेली आणि मधल्या घडीवर दोन पिना मारलेली होती. प्रत्येक अंकाच्या साठच प्रती निघत आणि त्या साठही सारख्याच मूळ होत्या. ज्यांवरून झेरॉक्स काढली ती कात्रणे चिकटवलेली पाने आम्ही जपून ठेवली नव्हती, कारण आमच्या लेखी ती पाने म्हणजे अंक नव्हताच. ती अंकाची पूर्वतयारी होती.

अखेर मी त्या रकान्यात ‘मूळ, साठांपैकी एक’ असे लिहिले आणि प्रदर्शनाची आखणी करणाऱ्या क्युरेटरांनी ते उत्तर जसेच्या तसे स्वीकारले. पहिल्या भेटीत त्यांनी प्रदर्शनामागची भूमिका समजावून सांगितली होती. शिकागोत १९३० मध्ये निघालेले ‘द कॉमेट’ हे विज्ञानकथाप्रेमींचे पत्र या परंपरेतील पहिले मानले जाते; ‘फॅनझीन’ हा शब्द त्यानंतर दहा वर्षांनी, १९४० मध्ये घडवला गेला. साध्या कागदावर प्रती काढणारे ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र १९५९ मध्ये आले आणि पुढे अशी यंत्रे जागोजागी झाल्यावर छापखान्याची पायरी न चढता अंक काढणे कोणालाही शक्य झाले. टोरांटोतील ‘जनरल आयडिया’ या कलाकारगटाने १९७२ ते १९८९ या काळात काढलेले ‘फाइल’ किंवा मार्क पेरी याने लंडनमध्ये जुलै १९७६ मध्ये सुरू केलेले ‘स्निफिन ग्लू’ घ्या. दोहोंची जातकुळी निराळी असली, तरी आपले म्हणणे आपणच छापायचे आणि आपणच पोहोचवायचे हा हट्ट दोन्हींत आहे. क्युरेटरांना हे दाखवायचे होते की कलाकारांच्या हातात झीन हे चित्राचे जाहिरातपत्रक नसते, ते स्वतंत्र माध्यम असते. त्यासाठी झेरॉक्सचा काळा डाग, तिरकी गेलेली ओळ, बोटांनी दिलेली घडी या गोष्टी पाहणाऱ्याला जवळून दिसायला हव्या होत्या. मराठीत आपल्याकडे ‘अनियतकालिक’ हा चांगला शब्द आहे, पण त्यातून अंक केव्हा निघतो एवढेच कळते; तो कसा निघतो हे ‘झीन’ या शब्दाला चिकटून आलेले आहे.

प्रती शोधायला बसले तेव्हा पहिला धक्का बसला. माझ्याकडचे अंक मी मोठ्या काळजीने पारदर्शक प्लास्टिकच्या कप्प्यांत घालून ठेवले होते. चौथा अंक बाहेर काढायला गेले तर मुखपृष्ठ कप्प्याला चिकटलेले होते, आणि हलक्या हाताने सोडवल्यावर शीर्षकाची अर्धी अक्षरे उलटी होऊन प्लास्टिकवर राहिली होती. झेरॉक्सची शाई कागदात मुरत नाही. टोनर म्हणजे काजळी आणि प्लास्टिकसारखी राळ यांची पूड असते, ती उष्णतेने वितळून कागदाच्या पृष्ठभागावर बसते. कप्पा पीव्हीसी या प्लास्टिकचा असेल तर त्याला लवचीकपणा आणणारी द्रव्ये हळूहळू बाहेर येतात, टोनर मऊ करतात आणि अक्षरे कागद सोडून प्लास्टिकला धरतात. हे मला संग्रहालयातल्या वस्तूंची निगा राखणाऱ्या संवर्धक बाईंनी सांगितले. त्या स्वतः असे कागद पॉलिएस्टरच्या कप्प्यांत किंवा आम्लमुक्त कागदाच्या पाकिटांत ठेवतात. ज्यांच्याकडे जुनी झीन्स आहेत त्यांनी हे वाचून आजच आपले कप्पे तपासावेत, अशी माझी मनापासून विनंती आहे.

चौथ्या अंकाची दुसरी प्रत मिळाली ती आमच्या एका जुन्या वाचकाकडे. त्यांनी ती टपालाच्या मूळ पाकिटातच ठेवली होती, आणि वाचताना समासात पेन्सिलने बारीक अक्षरांत टिपणे केली होती. नवव्या पानावर, घर बदलण्यावरच्या आमच्या एका मजकुराशेजारी, त्यांनी लिहिले होते : ‘हे खरे आहे का?’ ते वाचून क्षणभर मला काही सुचेना. अंक पाठवल्यावर तो कोणी कसा वाचला हे आम्हाला क्वचितच कळत असे, आणि इथे एक वाचक सतरा वर्षांपूर्वी त्या ओळीपाशी थांबल्याचा पुरावा समोर होता. माझ्याकडे पाचव्या अंकाच्या तीन कोऱ्या प्रती होत्या, तशी चौथ्याचीही एखादी स्वच्छ प्रत शोधावी का, असे मी विचारले. क्युरेटर म्हणाल्या, “नको. वाचलेलीच प्रत हवी.”

अवस्था-नोंद, म्हणजे प्रत्येक अंक कोणत्या स्थितीत आहे ते लिहून ठेवायचे काम, दोन दिवस चालले आणि त्या वेळी तिथे बसू दिल्याबद्दल मी संवर्धक बाईंची कायमची ऋणी आहे. प्रत्येक अंक मऊ फोमच्या उतारावर ठेवून, पान पूर्ण सपाट न करता, तिरक्या प्रकाशात त्या पाहत होत्या आणि जे दिसेल ते लिहीत होत्या : वरची पिन गंजलेली, गंज घडीच्या आत सुमारे दोन मिलिमीटर पसरलेला, मुखपृष्ठावरचा लाल कागदाचा तुकडा सुटत आलेला, डिंक तपकिरी झालेला, शेवटच्या पानाचा कोपरा दुमडलेला. गंजलेली पिन काढून नवी घालणार का, असे मी विचारले. काही ठिकाणी तसे करतात, कारण गंज कागद खात जातो. पण इथे पिन मारणे हाही घडणीचा भाग असल्याने त्यांनी ती तशीच ठेवली आणि तिच्याखाली आम्लमुक्त कागदाची चिंचोळी पट्टी सरकवली. दुमडलेला कोपराही सरळ केला नाही. ‘वाचकाने दुमडलेला’ अशी त्याची नोंद झाली.

उसनवारीचा करार आणि विम्याची रक्कम यांत फारसा वेळ गेला नाही. खरा प्रश्न उभा राहिला तो संमतीचा. चौथ्या अंकाच्या सहाव्या पानावर आमच्या एका मैत्रिणीने टोपणनावाने स्वतःच्या आजारपणाबद्दल लिहिले होते. मजकुराचे हक्क तिचेच असल्याने तिची लेखी परवानगी कायद्यानेही लागत होती. पण परवानगीच्या कागदापलीकडचीही एक गोष्ट होती : तिने ते साठ माणसांसाठी लिहिले होते, आणि त्यांतली बहुतेक तिच्या ओळखीची होती. संग्रहालयात येणारा माणूस त्या साठांतला नव्हता. मी तिला फोन न करता पत्र पाठवले, म्हणजे तिला विचार करायला अवधी मिळेल. तीन आठवड्यांनी उत्तर आले. अंक प्रदर्शनात ठेवायला तिची हरकत नव्हती. ते पान मात्र कोणाला वाचता येऊ नये. संग्रहालयाने एका शब्दाचीही खळखळ न करता ते मान्य केले. झीनच्या बाबतीत ‘छापले म्हणजे सार्वजनिक झाले’ हा नियम लावता येत नाही, असे माझे ठाम मत या काळात झाले.

मांडणीची चर्चा सुरू झाली तेव्हा मात्र माझे आणि त्यांचे मतभेद झाले. कागदाच्या वस्तूंवर साधारण ५० लक्सहून (लक्स हे उजेड मोजायचे एकक) अधिक प्रकाश पडू देत नाहीत, कारण प्रकाशाने झालेली हानी साठत जाते आणि भरून निघत नाही. म्हणून अंक काचेच्या पेटीत, मंद उजेडात, एका जागी उघडून ठेवायचे आणि महिन्याने पान बदलायचे असे ठरले होते. हे नियम मला पटत होते. पण सोळा पानांच्या अंकाची दोनच पाने दाखवायची म्हणजे माणसाला खिडकीतून घर दाखवण्यासारखे होते. पान उलटल्यावर पुढे काय येते यावरच आमचा निम्मा अंक उभा होता. माझा आग्रह होता की पेटीशेजारी हातात घेऊन वाचायच्या प्रती असाव्यात, आणि त्या चकचकीत छपाईच्या नसाव्यात. झेरॉक्स यंत्रातूनच काढलेल्या, दुमडलेल्या आणि पिना मारलेल्या असाव्यात. त्यांनी पडद्यावर पाने उलटण्याची सोय सुचवून पाहिली. दोन बैठकांनंतर वाचनप्रतींवर एकमत झाले, आणि त्या मेजाला दोरीने बांधायच्या नाहीत, फाटल्या तर नव्या ठेवायच्या, हेही ठरले.

त्या प्रती करण्यासाठी आम्ही पाच जण एक दिवसभर बसलो. सोळा पानांचा अंक चार कागदांत बसतो. सर्वांत बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला १६ आणि १, उलट बाजूला २ आणि १५. कागदाच्या एका बाजूवर शेजारी येणाऱ्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १७. त्यामुळे मैत्रिणीचे सहावे पान काढून टाकता येत नव्हते. त्याच्या पाठीवर पाचवे आणि शेजारी अकरावे होते, म्हणजे ते पान कापले असते तर पलीकडचे पान पिनेतून सुटले असते. म्हणून ती जागा कोरी ठेवून खाली एकच ओळ टाकली : ‘हे पान लेखिकेच्या इच्छेनुसार कोरे आहे.’ प्रती काढल्या त्या वाचकाच्या टिपणांसह, कारण काचेआड होती तीच प्रत लोकांच्या हातात जायला हवी होती. पेन्सिलीच्या पुसट रेषा यंत्राने दुसऱ्या खेपेला उचलल्या.

प्रदर्शन तीन महिने चालले. मी चार वेळा गेले आणि प्रत्येक वेळी पेटीपेक्षा मेजापाशीच अधिक वेळ उभी राहिले. कोऱ्या पानापाशी बहुतेक जण थांबत, ओळ वाचत आणि पान काहीसे हळू उलटत. परतीच्या वेळी पुन्हा अवस्था-नोंद झाली. पाचही अंकांसमोर ‘बदल नाही’ असे लिहून आम्ही दोघींनी सह्या केल्या. त्यानंतर संवर्धक बाईंनी एक पुठ्ठ्याचा डबा पुढे केला. त्यात मेजावरून उतरवलेल्या, घडीवर फाटलेल्या वाचनप्रती होत्या आणि त्या टाकून द्याव्यात असे त्यांना वाटत नव्हते. मी त्या तिथेच एकेक करून चाळल्या. एकीच्या नवव्या पानावर, झेरॉक्समधून उमटलेल्या ‘हे खरे आहे का?’ या ओळीखाली, कोणीतरी खऱ्या पेन्सिलीने लिहिले होते : ‘आमच्या घरी तरी होते.’