३४० किलोमीटर आणि सव्वा तास

दोन लहान विमानतळांमधलं अंतर नेटवर शोधलं की उत्तर झटक्यात येतं: ३४० किलोमीटर, २५ मिनिटं. तिकिटावर मात्र चक्क सव्वा तास! मधली ५० मिनिटं कुठे मुरतात ते बघायचंच, असं ठरवून या खेपेला मी सगळा प्रवास घड्याळाकडे बघत केला.

३४० हा आकडा खोटा नाही. पृथ्वीच्या गोलाईवरून दोरी ताणून धरली तर जेवढी भरेल, तेवढं ते अंतर; साधारण १८४ नॉटिकल मैल. गोम आहे ती २५ मिनिटांत. तो हिशेब ताशी ८०० किलोमीटर जाणाऱ्या जेटचा. आमच्यासाठी उभं होतं एटीआर ७२, पंख्याचं विमान, वेग ताशी ५०० च्या आसपास. म्हणजे २५ ची ४१ इथेच झाली.

एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात, सामान पुढे ठेवतात. पंख डोक्यावर असल्यामुळे मधल्या खिडकीतून चाक अगदी समोर दिसतं. चाकाला लावलेला ठोकळा कर्मचाऱ्याने ओढून काढला आणि विमान हललं. तिकिटावरचा वेळ इथून सुरू होतो आणि पलीकडे विमान जागेवर थांबलं की संपतो.

धावपट्टीला समांतर रस्ता नव्हता. लहान विमानतळांवर हे नेहमीचंच. त्यामुळे धावपट्टीवरूनच दुसऱ्या टोकापर्यंत रमतगमत गेलो, तिथे गर्रकन वळलो, मग उड्डाण. यात नऊ मिनिटं गेली. त्यातून वाऱ्याला तोंड देऊन उडायचं, म्हणून जायचं उत्तरेला आणि निघालो दक्षिणेला. चाक उचललं गेलं, पोटाखालच्या फुगवट्यात दुमडलं, आणि मग कुठे विमानाने गावाकडे तोंड फिरवलं.

चढताना वेग आणखी कमी, ताशी तीनशेच्या घरात. १७,००० फुटांवर स्थिरावतोय तोवर उतरायची तयारी. हजार फुटांना तीन नॉटिकल मैल हा वैमानिकांचा ढोबळ हिशेब. म्हणजे उतरण सुरू होते ती ९५ किलोमीटर आधीच. पूर्ण वेगाने धावायला उरतं ते मधलं थोडकं अंतर. हवेत ४८ मिनिटं लागली. उतरल्यावर पुन्हा तीच वळून मागे येण्याची कसरत, सात मिनिटं.

एकूण ६४. तिकिटावर ७५, तेव्हा ‘आपण वेळेआधी पोहोचलो आहोत’ ही घोषणा थाटात झालीच. वेळापत्रकात अशी सवड मुद्दाम ठेवलेली असते, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. समोरून ताशी ६० किलोमीटरचा वारा असता तर नुसत्या वेगाच्या हिशेबातलीच ४१ मिनिटं ४६ वर गेली असती. तोच वारा पाठीला असता तर ३६ वर आली असती. पुढचं कनेक्शन पकडायचं असेल तर अंतराचं पान बंद करा आणि वेळापत्रक उघडा.