प्रिंटरचं कार्ड उडालंय म्हणे

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून माझ्याकडे एका ठराविक प्रकारचे कॉल वाढलेत. पीसी जुना, विंडोज ११ घेत नाही, मग घरातला कॉलेजचा पोरगा लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून देतो आणि मोकळा होतो. पुढचं निस्तरायला आम्ही.

हे दुकान ठाण्यात कोर्ट नाक्याजवळचं, टायपिंग आणि झेरॉक्स. सकाळपासून प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वकिलांच्या ज्युनियरांची घाई, आणि पार्किंगचं तर नावच काढू नका. काकांचा फोन आला, "अरे प्रिंटरचं कार्ड उडालंय म्हणे, तू एकदा बघून जा, नाहीतर नवीनच टाकतो." कार्ड म्हणजे प्रिंटरच्या आतला सर्किट बोर्ड. हिरवा दिवा लागतोय, कागद आहे, टोनर आहे, प्रिंट दिली की कम्प्युटर सांगतो जॉब पूर्ण, आणि इकडे रोलर हलतसुद्धा नाही.

काकांची केस ऐकायला मात्र एकदम पक्की. रविवारी भाच्याने विंडोज पुसून मिंट टाकलं, प्रिंटर आपोआप ओळखला गेला, टेस्ट पेज झकास आलं, वर त्याच दुपारी एक अख्खा करार छापून दिला. संध्याकाळी लाइट दोन-तीनदा आली-गेली आणि त्यानंतर प्रिंटर मेला. म्हणजे लिनक्स निर्दोष, आरोपी व्होल्टेज. आधी आलेल्या मेकॅनिकनेही तेच सांगितलं. त्याने कम्प्युटरला हातच लावला नाही, प्रिंटर उघडला, कार्डाला फुंकर मारली, ॲडव्हान्स घेतला आणि गेला.

मी आधी टर्मिनल उघडून एलएसयूएसबी, म्हणजे यूएसबीला काय काय जोडलंय ते दाखवणारी कमांड, मारली. प्रिंटर नावानिशी हजर. कार्ड खरंच जळलं असेल तर बहुतेक वेळा यूएसबीवर नावच येत नाही, तिथेच मला शंका आली. मग प्रिंटरची डिव्हाइस आयडी वाचली. ही एक लांबलचक ओळ असते, मेक, मॉडेल, क्लास वगैरे, आणि या जातीच्या प्रिंटरमध्ये त्याच ओळीत एफडब्ल्यूव्हीईआर म्हणून फर्मवेअरच्या, म्हणजे प्रिंटरला आतून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, व्हर्जनचा तुकडा असायला हवा. तो नव्हता.

तर भानगड अशी की हे छोटे जुने लेझर प्रिंटर स्वस्त ठेवायला कंपनीने त्यांच्यात फर्मवेअर कायमचं भरलेलंच नाही. रोज सकाळी कोरी पाटी घेऊन उठतात. स्विच ऑन झाला की कम्प्युटरने फर्मवेअरची फाइल पाठवायची, ती प्रिंटरच्या रॅममध्ये बसते, पॉवर गेली की गेली. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करतो, त्यामुळे कोणाला पत्ताच नसतो. लिनक्सवर फूटूझेडजेएस नावाचा फुकट ड्रायव्हर मिंटने आपोआप लावला होता, पण फर्मवेअरची फाइल कंपनीच्या मालकीची, ती त्याच्यासोबत येत नाही, वेगळी आणून ठेवावी लागते.

मग रविवारी छापलं कसं? भाच्याने कम्प्युटर फॉरमॅट केला पण प्रिंटर बंदच केला नव्हता. सकाळी विंडोजने भरलेलं फर्मवेअर आत तसंच होतं. कम्प्युटरमधून विंडोज गेलेलं आणि प्रिंटर दिवसभर त्याच्याच जिवावर करार छापतोय! लाइट गेली तेव्हा ते पुसलं गेलं, बस. यात काकांचं काय चुकलं? समोर जे दिसलं त्यावरून कोणीही हेच म्हटलं असतं. मी भाच्याला फोनवर सांगितलं तरी तो "पण चालत होतं ना दादा" यावर अडून, आणि चालत होतं हे खरंच होतं.

आणि कप्समधलं, म्हणजे लिनक्सवर प्रिंटची कामं सांभाळणाऱ्या प्रोग्राममधलं, ते "पूर्ण". ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ६३१ या त्याच्या पानावर जॉबची यादी उघडली तर सगळे ओळीने पूर्ण. त्याचा अर्थ एवढाच की डेटा यूएसबीवरून पाठवून झाला. कागद बाहेर आला की नाही याची त्याला खबर नसते, पण काउंटरवरच्या माणसाने त्या शब्दाचा दुसरा काय अर्थ घ्यायचा?

फाइल माझ्या पेनड्राइव्हमध्ये असतेच. प्रिंट जॉबची रांग थांबवली, फाइल थेट डेव्ह-यूएसबी-एलपी-झीरोवर, म्हणजे लिनक्स यूएसबी प्रिंटरला ज्या नावाने ओळखतं त्यावर, ढकलली, क्षणभर काही नाही, मग मोटर घर्र करून फिरली. पुन्हा आयडी वाचली तर एफडब्ल्यूव्हीईआर आलेलं. मग फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकली, यूडेवचा (जोडलेली उपकरणं ओळखणारा लिनक्सचा भाग) नियम नीट बसवला म्हणजे प्रिंटर दिसला की फर्मवेअर आपोआप जाईल, आणि काकांनाच स्विच बंद-चालू करायला लावला. प्रिंटरने कागद छापला. काका म्हणाले, "म्हणजे तू काही टाकलं नाहीस? नुसतं टाइप केलंस?" याचे पैसे मागताना आमची जी गोची होते ती कार्डवाल्यांची कधीच होत नाही.

काकांनी लगेच त्या मेकॅनिकला स्पीकरवर घेतलं. तो म्हणाला, कार्ड वीक आहे, आज चाललं तरी परत जाईल, लिहून ठेवा. त्याला खरंच माहीत नव्हतं की माहीत असून बोलत होता, मला अजून कळलेलं नाही. नंतर त्याचा मला फोन आला, नंबर काकांनी दिला असणार. कार्डाचा विषयही नाही, थेट "ती फाइल पाठवता का, अजून दोन ठिकाणी सेम कंप्लेंट आहे." पाठवली. नाहीतर त्या दोघांनाही कार्ड विकलं असतं त्याने. काकांचा ॲडव्हान्स परत दे असंही लिहिलं, त्याला निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.