परत आलेली इंजिनं

स्पेसएक्सच्या स्टारशिप रॉकेटचा विषय निघाला की बंदरावर सगळे त्या टॉवरच्या हातांबद्दल बोलतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी, पाचव्या उड्डाणात रॉकेटचा ७१ मीटर उंच खालचा टप्पा, म्हणजे बूस्टर, टेक्सासच्या किनाऱ्यावर परत आला आणि टॉवरने त्याला वरच्या वर धरला. मीही श्वास रोखून पाहिलं. पण माझी झोप उडवली ती नवव्या उड्डाणाने. २७ मे २०२५ ला गेलेला बूस्टर जानेवारीत एकदा जाऊन आला होता आणि त्याच्या ३३ रॅप्टर इंजिनांपैकी २९ आधी उडालेली होती. उतरताना तो फुटला, पण चढताना तेहतीसही इंजिनं पेटली.

हर्णैला मी ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. १ जूनला मासेमारी बंद होते, बोटी शाकारल्या जातात आणि इंजिनं आमच्याकडे येतात. हेड उघडलं की सगळा मोसम समोर दिसतो. कुठला नोझल नीट फवारत नव्हता, कुठली रिंग झिजली, खारं पाणी कुठून शिरलं. बोटीबरोबर बुडालेल्या इंजिनाचं मात्र काय बिनसलं होतं ते कुणालाच कळत नाही.

रॉकेट परत आणलं की पैसा वाचतो, हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की ते उघडून बघता येतं. पाचव्या उड्डाणाचा बूस्टर हाती आला तेव्हा बाहेरच्या काही इंजिनांचे नोझल उष्णतेने वाकलेले दिसले. त्या बूस्टरमधलं एक इंजिन पुढे सातव्या उड्डाणात पुन्हा वापरलं. मिथेन आणि द्रव ऑक्सिजन जाळणारं, एवढ्या दाबाखाली चालणारं यंत्र एकदा जाऊन येतं आणि परत कामाला लागतं, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला कुठल्याही चमत्काराहून कमी नाही.

वरचं यान मात्र अजून समुद्रातच उतरतं. दहावं उड्डाण दोनदा पुढे ढकललं गेलं आणि आपल्याकडे नेमक्या गणेश चतुर्थीच्या पहाटे आलं, २७ ऑगस्टला पाच वाजता. घर चाकरमान्यांनी भरलेलं. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, आधी मखराचे दिवे लावून द्या, मग बघा तुमचं रॉकेट." दिवे लावले आणि पुतण्याला घेऊन पडवीत बसलो. यानाने आठ नकली उपग्रह सोडले, अवकाशात इंजिन पुन्हा पेटवलं. वातावरणात शिरताना मागचा भाग फाटला, एका फ्लॅपची कड जळत गेली, तरी ते सावरलं, सरळ उभं झालं आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला हिंदी महासागरात ठरल्या जागी उतरलं. एक बाजू तांबूस झाली होती. पुतण्याने विचारलं, "काका, गंजलं काय?" तसंच काहीसं होतं. चाचणीसाठी बसवलेल्या धातूच्या उष्णतारोधक टाइल्सचं ऑक्सिडेशन होऊन तो रंग आला होता. उतरल्यावर यान आडवं झालं आणि फुटलं. त्या टाइल्स कुणाच्या हातात आल्या असत्या तर!

सातव्या आणि आठव्या उड्डाणातली यानं वर जातानाच गेली. सातव्याचे तुकडे टर्क्स आणि कैकोस बेटांवर पडले, विमानांना वाट बदलावी लागली. चाचणीत फुटणं मला मान्य आहे. पण किनाऱ्यावर राहणाऱ्याच्या डोक्यावर तुकडे पडणं मान्य नाही, मग तो किनारा कुठलाही असो. आधी मार्ग सुरक्षित करावा, मग घाई करावी.

१३ ऑक्टोबर २०२५ चं अकरावं उड्डाणही नीट पार पडलं, आणि तेही एकदा जाऊन आलेल्या बूस्टरवर. आपल्या इस्रोच्या पुढच्या पिढीच्या रॉकेटला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे. त्याचाही पहिला टप्पा परत आणायचा आहे आणि इंधन मिथेनच. त्याचं पहिलं इंजिन परत येईल तेव्हा मला एक फोटो हवा आहे: पंप सुटा केलेला, ब्लेड पुसून टेबलावर ओळीने मांडलेले, आणि त्यावर वाकून बघणारे फिटर.