आज ऊन कामाला आलं

आज गच्चीवर प्रयोग लावला: उन्हाच्या जोरावर पाण्यातला रंग मोडायचा. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं पाणी, त्यात टायटॅनियम डायऑक्साइड आणि कार्बन नायट्राइडची एकत्र केलेली पावडर, वर मे महिन्याचं ऊन. टायटॅनियमवालं एकटं असलं की जवळजवळ अतिनील किरणांवरच चालतं, आणि उन्हात हे किरण जेमतेम ५ टक्के. युरिया ५५० अंशांवर तापवून केलेलं पिवळं कार्बन नायट्राइड जोडीला आलं की निळा-जांभळा प्रकाशही वापरता येतो. शिवाय प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन एकातून दुसऱ्यात जातात, लगेच जागेवर परतत नाहीत. खरी गंमत तीच.

दुपारपर्यंत पाणी फिकट. ज्युनिअर मंडळी खूश, फोटोही काढून झाले. मी मात्र सीओडी (पाण्यातले सेंद्रिय पदार्थ मोडायला किती ऑक्सिजन लागेल याचं माप) बघितल्याशिवाय पेढे आणू देत नाही! रंग गेला म्हणजे रेणू पुरता मोडला असं नाही, त्याचे तुकडे पाण्यात असू शकतात. अंधारात ढवळलेला नमुनाही वेगळा मोजायचा, नाहीतर पावडरीने नुसता शोषलेला रंग उन्हाच्या खात्यावर जमा होतो.

इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमधलं पाणी याहून कितीतरी गडद, वर मीठ. त्यात प्रकाश शिरणार किती खोल? उद्या हीच पावडर गाळून परत वापरायचीय. गरागरा फिरवून पावडर वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्यूजला मात्र रांग आहे, नेहमीप्रमाणे.